पदराऐवजी सुती चौकोन

शेगडीवरून तापलेले पातेले उतरविण्याचे साधन कोणते, असे विचारल्यास कोणतीही गृहिणी 'सांडशी' असे उत्तर देईल, आणि ते देता देताच पदराचे टोक दुमडून पातेल्याच्या काठाला हात घालील. सांडशी मोलाची खरी. परंतु तिने भांडे एकाच बाजूने धरले जाते. चार जणांच्या भाजीला ती पुरते. ज्या घरी वीस पाने मांडली जातात, तेथे वरणाचे पातेले अथवा भाताचे तपेले एका सांडशीवर तोलणे म्हणजे धाडस होय. तेथे दोन्ही काठांना दोन्ही हात लागतात. अशा वेळी पदर पुढे होतो, नाही तर ओट्यावरचे ओले फडके, नाही तर पोराच्या जुन्या सदऱ्याची चिंधी. ही तिन्ही साधने या कामी अयोग्य आहेत, आणि योग्य साधन घरच्या टाकाऊ कापडातून दोन दुपारींत विणून होते, एवढे या महिन्यात आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम पदराविषयी. आमच्या आजीच्या काळी लुगडे सुती असे, आणि स्वयंपाकास बसताना पदर कमरेला घट्ट खोचलेला असे. आता साडी बहुधा कृत्रिम धाग्याची, पदर मोकळा, आणि ओटा कमरेइतका उंच. म्हणजे ज्योत आणि पदर यांची पातळी एकच झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम अथवा गंभीर प्रमाणात भाजतात, आणि बायकांचा धोका वाढण्याचे एक कारण म्हणून ती संघटना उघड्या जाळाचे व सैल वस्त्राचेच नाव घेते. आमच्या नात्यातील एका घरी असाच प्रसंग झाला. भांडे उतरविताना पदराचे दुसरे टोक शेजारच्या ज्योतीवर गेले. जीव वाचला, उजवा हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत आखडला. त्या घरातील पुरुष मंडळींनी त्यावर 'सांभाळून करावे' एवढाच उपदेश केला, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सुनेने त्याच ओट्यावर पदरानेच पातेले उतरविले. उपदेशाने हात झाकला जात नाही.

(भाजलेच तर तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा, हळद, टूथपेस्ट अथवा बर्फ लावू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी तरी हे ध्यानात ठेवावे, कारण अशा वेळी डबे उघडण्याची घाई त्यांनाच होते.)

ओल्या फडक्याचा दोष निराळा. कोरडे सुती कापड हाताचे रक्षण करते ते सुतामुळे तितके नव्हे, जितके सुताच्या तंतूंत अडकलेल्या हवेमुळे. हवा ही उष्णतेची मोठी आळशी वाहक आहे. तेच कापड ओले झाले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता पोचविते. शिवाय त्या पाण्याची वाफ होऊन ती तळहाताला लागते ती वेगळीच. म्हणून भांडे धरावयाचे कापड कोरडे हवे, जाड हवे, आणि त्याच्या विणीत हवेला राहावयास जागा हवी.

राहता राहिली चिंधी. ती सुती असेल तर पातळ पडते. कृत्रिम धाग्याची असेल तर अधिकच वाईट. नायलॉन व पॉलिएस्टर हे धागे जातीपरत्वे सुमारे २२० ते २६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतात, आणि मोठ्या आचेवर विसरलेला तवा तितका सहज तापतो. वितळलेला धागा कातडीला चिकटून राहतो. सुताला वितळणे ठाऊक नाही. ते पिवळे पडते, करपते, वास सुटतो, आणि आपण हात काढून घेतो. तेही पेट घेते, हे खरे. पण वीतभर चौकोनाला ज्योतीवर लोंबणारे टोक नसते. कापड कोणत्या जातीचे हे दुकानदाराच्या शब्दावर मानू नये. एक धागा चिमट्यात धरून मोरीपाशी पेटवून पाहावा. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते. कृत्रिम धागा आकसतो आणि त्याचा कडक मणी होतो.

आता आमच्या चौकोनाकडे वळू. याचा माग म्हणजे हाताएवढी खिळ्यांची चौकट. अमेरिकेत १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, पायमोजे विणणाऱ्या गिरण्यांतून कापून टाकलेली गोल टोके मुलांनी अशा चौकटीवर विणावीत, अशी युक्ती निघाली, आणि तिकडच्या कित्येक घरांत भांडी धरावयाचे रंगीत रुमाल मुलांच्या हातचे आले. पुढे त्या खेळण्याबरोबर नायलॉनचे वेढे मिळू लागले आणि मूळ उपयोगच बिघडला. आपण युक्ती घ्यावी, नायलॉन घेऊ नये.

चौकट सुताराकडून करून घ्यावी. आतून सात इंच चौरस, लाकूड सागाचे असल्यास उत्तम, पण फळकुटाचेही चालते. कोन मात्र गुण्यात हवेत, नाही तर चौकोनाची शंकरपाळी होते. प्रत्येक बाजूस १८ बारीक खिळे, एकमेकांपासून सुमारे तीन अष्टमांश इंच अंतरावर, किंचित बाहेर कललेले. कोपऱ्यांवर खिळा नको. याशिवाय लागते ती एक क्रोशाची सुई.

वेढ्यांसाठी पायमोजे नकोत, कारण आजच्या पायमोज्यांत नायलॉन व रबराचा तंतू बहुधा असतोच. आमची शिफारस जुन्या बनियनची, ज्याला आमच्या लहानपणी गंजीफ्रॉक म्हणत. काखेखालचा भाग आडवा कापीत एकेक इंच रुंदीचे गोल पट्टे काढावेत. घेर ३४ इंच असेल तर प्रत्येक पट्ट्याचे तीन तुकडे करावेत, आणि प्रत्येक तुकड्याची टोके अर्धा इंच एकावर एक ठेवून चार टाक्यांनी जोडावीत. पट्टा ताणला की विणलेले कापड आपोआप गुंडाळते व गोल दोरीसारखे होते. असे ३६ वेढे एका चौकोनास लागतात. एका बनियनमध्ये ते निघतात.

पहिले १८ वेढे वरच्या खिळ्यापासून समोरच्या खालच्या खिळ्यापर्यंत उभे अडकवावेत. वेढा किंचित ताणूनच पोचला पाहिजे. हा झाला ताणा. मग बाणा : सुई उजवीकडून एका उभ्या वेढ्याखालून, पुढच्यावरून, पुन्हा खालून, अशी पलीकडे न्यावी, डाव्या अंगाला नवा वेढा तिच्या आकड्यात अडकवावा, आणि तो ओढून आणून दोन्ही बाजूंच्या खिळ्यांवर बसवावा. वेढ्याचे दोन्ही पदर एकच धागा समजावेत. नवशिका येथेच एक पदर उचलतो आणि एक सोडतो. पुढच्या ओळीस वरचे खाली, खालचे वर. शेवटच्या तीन-चार ओळींस सुई हट्ट करते. तेथे घाई करू नये.

विणून झाल्यावर कडा बांधावयाची. एका कोपऱ्यावरील वेढा खिळ्यावरून सुईवर घ्यावा, शेजारचा घ्यावा, आणि दुसरा पहिल्यातून ओढून काढावा. मग तिसरा दुसऱ्यातून. अशी साखळी चारी बाजूंनी फिरवावी. एकदम सर्व वेढे खिळ्यांवरून उतरवू नयेत. शेवटी एक वेढा उरतो, तोच टांगण्याचा फास. चौकटीवरून निघताच चौकोन आकसून साडेपाच-सहा इंचांचा होतो, आणि त्या आकसण्यानेच जाड होतो.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकास या खटाटोपात एक गंमत सापडेल. आपण 'ओतप्रोत' हा शब्द भक्तीने भरलेल्या भाषणांत वापरतो. पण तो मुळात विणकराचा शब्द आहे, उभ्या-आडव्या धाग्यांत गुंफलेले असा. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते की, हे सर्व पाण्यावर ओतप्रोत आहे, तर पाणी कशावर? आणि एकेक उत्तर उसवीत ती ब्रह्मलोकापर्यंत जाते, तेव्हा ऋषींना तिला थांबवावे लागते. हा प्रश्न तिला मागाजवळ बसून सुचला असावा, असे आमचे आपले मत आहे. पंडितांनी रागावू नये.

मुलांसाठी याहूनही मोठी गंमत रंगांची आहे. पांढरे व निळे वेढे एकाआड एक उभे लावावेत आणि आडवेही तसेच एकाआड एक घ्यावेत. वीण साधी, एकावर-एकाखाली. तरी चौकोनावर बुद्धिबळाचा पट न उमटता सरळ पट्टे उमटतात. दुसऱ्या चौकोनात तेच वेढे, तीच वीण, फक्त आडव्यांचा आरंभ दुसऱ्या रंगाने करावा : पट्टे उभ्याचे आडवे होतात. का, ते सांगू नये. सम-विषम संख्या शिकलेला मुलगा कागदावर घरे आखून अर्ध्या तासात कारण शोधून काढतो, आणि ते अर्धे तास आम्ही वर्गात खडूने घालविलेल्या कित्येक तासांहून अधिक फलदायी होतात.

हे सर्व आम्ही कारंज्यात बसून लिहीत आहो, ही गोष्टही अगदीच अप्रस्तुत नाही. कारंजा लाड हे गाव पूर्वी अकोल्यात होते, १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात आहे. बाहेरचे लोक ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ओळखतात व गुरुमंदिराच्या दर्शनास येतात. परंतु शेतीबाजाराच्या इतिहासात त्याची नोंद कापसासाठी आहे. १८८६ साली, वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे असताना, त्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने येथील कापूसबाजार नियमांखाली आला. या देशातील तो पहिला नियंत्रित बाजार. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदाच झाला. त्यात आमच्या शेतकऱ्याची चिंता किती आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस मिळावा याची चिंता किती, हे वाचकांनी ताडावे. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून गेली, तीही कापूस वाहून नेण्यासाठीच. लोक तिला प्रेमाने शकुंतला म्हणत. तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले, आणि आता ती गाडीही धावत नाही. सारांश, पऱ्हाटी आमच्या शिवारात, आणि कापड नेहमी दुसऱ्या गावचे. वऱ्हाडचा जुना देशी कापूस आखूड धाग्याचा व भरड. तलम वस्त्राला तो नाकारला जाई. भांडे धरावयास भरडच बरे.

घरात हे काम कोणी करावे, याविषयी आमचे मत काहींना रुचणार नाही. ते पुरुषांनी व मुलग्यांनी करावे. ज्यांचे ताट प्रथम वाढले जाते, त्यांनी ते वाढणाऱ्या हातांसाठी एवढे विणण्यास हरकत नसावी. सूतकाम हे पुरुषाचे नव्हे, असे ब्राह्मण घराने तरी म्हणू नये : टकळीवर सूत काढून, चार बोटांवर ९६ वेढे मोजून, तिहेरी करून पिळून, पुन्हा तिहेरी करून जानवे घरीच करण्याची रीत होती, आणि ते काम पुरुषांचे होते. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हा शाळेत टकळी आली. आमच्या पिढीनेही ती वर्गात फिरविली. परंतु त्या सुताचे पुढे काय झाले, हे आम्हां मुलांना कोणी दाखविले नाही. गुंडी मोजली, वहीत आकडा लिहिला, संपले. मुलाने विणलेला चौकोन संध्याकाळी आईच्या हातात दिसतो, हा फरक लहान नाही.

आमच्या घरी पहिली जोडी तयार झाली तेव्हा सूनबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"मामंजी, छान आहेत. पण टांगणार कुठे?"

"फडताळाच्या दाराला खिळा आहे, तेथे."

"मग नाही वापरले जायचे. वरण उतू जात असताना फडताळापर्यंत कोण जातो? पदर इथे खांद्यावर असतो."

आमच्या सर्व पदार्थविज्ञानावर या एका वाक्याने मात केली, असे म्हणावयास हरकत नाही. पदर जिंकतो तो चांगला म्हणून नव्हे, जवळ म्हणून. तेव्हा खिळा शेगडीच्या उजव्या अंगास, हातभर अंतरावर, स्वयंपाक करणारीच्या खांद्याच्या उंचीला मारावा. ज्योतीच्या वर कधीही नाही. खिळे दोन, जोड्या दोन : एक वापरात, एक वाळत. ज्या घरी सोवळे पाळतात तेथे सोवळ्याची जोडी निराळी धुऊन निराळी वाळवावी. एवढ्याशा वस्तूस दांडीवर चार बोटे जागा पुरते. साबणाच्या उकळत्या पाण्याचेही सुताला भय नाही. पूर्ण वाळल्याखेरीज मात्र ती खिळ्यावर येऊ नये, पावसाळ्यात तर मुळीच नाही. मध्यभागी करपून काळे पडले, अथवा वीण विरून पलीकडचा उजेड दिसू लागला, की त्याचा मसोता करावा व चौकट पुन्हा खाली काढावी.