जनगणनेपूर्वीची योजना

1951 साली महाराष्ट्रात बौद्धांची नोंद जेमतेम अडीच हजारांची होती. 1961 साली ती सुमारे 28 लाखांवर गेली. घरोघरी माणसांनी निश्चयाने सांगितले, म्हणूनच!

2027 च्या जनगणनेत धर्माबरोबर जातही विचारली जाणार आहे. जुन्नर-आंबेगावात आपल्याकडे सभा-फलकांची वाण नाही. वाण आहे ती योजनेची. प्रगणक दारी येतो तेव्हा कर्ती माणसे मजुरीस गेलेली असतात, उत्तर देते घरची वृद्ध आजी. तेव्हा समजावयाचे तिला, आणि तेही तिच्या ओट्यावर बसून. धर्म 'बौद्ध', जात मूळ अनुसूचित. जात सांगण्याचा पुष्कळांना संकोच वाटतो. परंतु 1990 च्या कायदादुरुस्तीने बौद्धांना मिळालेल्या केंद्राच्या राखीव जागा त्या जातीच्याच आधारावर आहेत. मंचर, घोडेगाव, ओतूर येथील कार्यकर्त्यांनी घरवार याद्या आताच कराव्यात. मुंबईस राहावयास गेलेल्यांची गणना तेथेच व्हावयाची; त्यांना वेगळे कळवावे.