वाचकाचा वेळ कोणाच्या खाती?

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाने स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले, की त्याचा रीतसर उद्घाटनसमारंभ होतो. मान्यवरांची भाषणे होतात, वार्षिक अहवालात त्याला एक परिच्छेद मिळतो आणि ठेकेदाराला दिलेली रक्कम जमाखर्चात दाखवली जाते. पुढील वर्षी संकेतस्थळाला किती जणांनी भेट दिली, हा आकडाही अहवालात येतो. परंतु या भेट देणाऱ्यांपैकी किती जणांना हवे ते पुस्तक सापडले आणि किती जण हात हलवत परत गेले, हे पाहण्याची रीत आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही. दुकानात किती माणसे शिरली हे मोजायचे आणि विक्री किती झाली हे मात्र विचारायचे नाही, असा व्यवहार कोणताही व्यापारी करणार नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांत तो बिनबोभाट चालतो.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमान्वये दहा हजारांहून अधिक ग्रंथालयांना शासकीय मान्यता आणि अनुदान मिळत आले आहे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आरंभ तर १८३२ पर्यंत मागे जातो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून उभ्या राहिलेल्या अशा संस्थांच्या कपाटांत जे आहे, त्याकडे जाण्याची वाट आता उत्तरोत्तर संगणकीय सूचीतूनच जाणार आहे. जे पुस्तक त्या सूचीत सापडत नाही, ते कपाटात असूनही वाचकाच्या लेखी नसल्यासारखेच होय.

शोधाची किंमत

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये एक साधी गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीने मांडली: माहिती फुकट नसते, ती शोधण्यास वेळ लागतो आणि त्या वेळेला किंमत असते. या दृष्टीने पाहिले तर ग्रंथालय ही शोधाचा खर्च कमी करण्यासाठी समाजाने निर्माण केलेली संस्था आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, हा योगायोग नव्हे. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९१० पासून जी ग्रंथालयव्यवस्था उभी केली, तिच्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. त्यामागेही हाच विचार होता. वाचकाचे कष्ट संस्थेने उचलावेत, संस्थेचे कष्ट वाचकावर लादू नयेत.

सदोष संकेतस्थळ नेमके याच्या उलट करते. समजा, एखाद्या ग्रंथालयाचे २,००० सभासद आहेत आणि संकेतस्थळाच्या गोंधळात प्रत्येकाची महिन्याकाठी केवळ दहा मिनिटे वाया जातात. वर्षाचा हिशेब ४,००० तासांचा होतो, म्हणजे आठ तासांचे ५०० कामाचे दिवस. एवढे दिवस ग्रंथालयाच्या सेवकाने वाया घालवले असते, तर कार्यकारी मंडळाच्या सभेत वादळ उठले असते. वाचकांचे मात्र ते कोणाच्याच खाती मांडले जात नाहीत, म्हणून ते कोणाला दिसत नाहीत.

तक्रारी येत नाहीत, हे उत्तर येथे पुरेसे नाही. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की संस्थेची सेवा ढासळली असता लाभार्थ्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: बोलणे किंवा निघून जाणे. संकेतस्थळाचा वाचक बहुधा दुसरा मार्ग पत्करतो आणि तोही मुकाट्याने. त्यात आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. यंत्रापुढे अडलेला माणूस यंत्राला दोष देत नाही; ‘आपल्यालाच संगणकातले कळत नाही’ असे म्हणून तो दोष स्वतःकडे घेतो. ज्याने दोष स्वतःकडे घेतला, तो तक्रार कशी करणार? म्हणूनच तक्रारवहीच्या कोऱ्या पानांवरून संकेतस्थळाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

मराठी सूचीची खास अडचण

पूर्वी वाचक आणि कपाट यांच्यामध्ये ग्रंथपाल उभा असे. वाचकाने नाव अर्धवट सांगितले, लेखक चुकीचा सांगितला, तरी एखादा उलट प्रश्न विचारून तो नेमके पुस्तक पुढे ठेवी. संगणकीय सूचीत हा उलट प्रश्न विचारणारा कोणी नाही आणि मराठी ग्रंथांच्या बाबतीत त्याची उणीव अधिकच जाणवते.

मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तत्सम शब्दांचे अंत्य ‘इ’ आणि ‘उ’ दीर्घ झाले. परंतु कपाटांतील पुस्तकांची मुखपृष्ठे जुनीच राहिली. वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीचे नाव ‘ययाति’. आजच्या नियमाने शिकलेला विद्यार्थी ‘ययाती’ असे लिहितो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या नावात कोठे ‘लक्षांत’ आढळते, तर कोठे ‘लक्षात’. अक्षराला अक्षर जुळवणारी सूची अशा वेळी ‘नोंद आढळली नाही’ एवढेच सांगते आणि वाचक समजतो, की पुस्तकच नाही. ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या नावावर, तर कविता कुसुमाग्रजांच्या नावावर. गडकऱ्यांचे लेखन राम गणेश, गोविंदाग्रज आणि बाळकराम अशा तीन नावांनी झालेले. ही नावे एकमेकांशी जोडलेली नसतील, तर एकाच लेखकाचे ग्रंथ सूचीत वेगवेगळ्या माणसांचे होऊन बसतात. पु. ल. देशपांडे यांच्या आद्याक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली की नाही, यावरही शोधाचा निकाल अवलंबून राहू शकतो.

याहून सूक्ष्म अडचण लिपीच्या संगणकीय संकेतांची आहे. ‘वाऱ्यावरची वरात’ या नावातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी नोंदवता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती भिन्न आहेत. सूची करणाऱ्याने एक रीत वापरली आणि शोधणाऱ्याच्या भ्रमणध्वनीने दुसरी, तर समोर असलेले पुस्तकही सापडत नाही. या अडचणींवर उपाय नाहीत असे नव्हे. संगणकाला पर्यायी रूपे शिकवता येतात. प्रश्न एवढाच, की अडचण आहे हे कळणार कसे? ज्याने सूची तयार केली, त्याला तिच्यातील खाचखळगे पाठ झालेले असतात. त्याचा पाय कधीच अडखळत नाही.

परीक्षा कशी घ्यावी?

म्हणून संकेतस्थळाची परीक्षा ठेकेदाराने किंवा पदाधिकाऱ्यांनी घेऊन भागत नाही. ती वाचकांकडूनच घ्यावी लागते. तिची पद्धत जगभर प्रचलित आहे आणि आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त आहे. काही सामान्य वाचकांना एकेक करून संगणकापुढे किंवा त्यांच्याच भ्रमणध्वनीसह बसवावे आणि पाच-सहा कामे सांगावीत. अमुक कादंबरी सध्या उपलब्ध आहे का, ते पाहा. घरी नेलेल्या पुस्तकाची मुदत वाढवा. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते ते शोधा. बारा वर्षांच्या मुलीला सभासद करायचे तर अनामत किती, ते सांगा. काम वाचकाच्या भाषेत सांगावे. पडद्यावरील कळीवर जो शब्द आहे तो तोंडून काढू नये, अन्यथा प्रश्नातच उत्तर फुटते. परीक्षा संकेतस्थळाची आहे, तुमची नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करावे. वाचकाने मनात येईल ते मोठ्याने बोलत जावे आणि निरीक्षकाने गप्प बसावे. ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे; कारण वाचक अडला, की मदतीला धावण्याचा मोह सज्जन माणसाला आवरत नाही. काम पूर्ण झाले की नाही, किती वेळ लागला आणि पहिले पाऊल कोणत्या दिशेने पडले, एवढ्या तीनच गोष्टी टिपाव्यात.

किती वाचक पुरेत? या विषयाचे अभ्यासक जेकब निल्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका वाचकाच्या चाचणीतून सरासरी ३१ टक्के दोष उघडकीस येतात आणि पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के. ही सरासरी आहे, हे मात्र विसरता कामा नये. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये साठ जणांच्या चाचणीतून पाच-पाचांचे गट काढून पाहिले, तेव्हा काही गटांना ९९ टक्के दोष सापडले होते, तर एका गटाला केवळ ५५ टक्के. दहांचे गट केले असता किमान प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. व्यवहारापुरता धडा असा, की पाच जणांवर चाचणी घ्यावी, दोष दुरुस्त करावेत आणि मग दुसऱ्या पाच जणांना बसवावे. हे पाच एकाच साच्याचे नसावेत. त्यांत स्पर्धापरीक्षेचा विद्यार्थी असावा, सत्तरी ओलांडलेले आजोबा असावेत, केवळ भ्रमणध्वनीच वापरणारी गृहिणी असावी आणि एक दृष्टिहीन वाचक अवश्य असावा.

दृष्टिहीन वाचकाचा समावेश ही कृपा नव्हे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहेच. शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे बंधनकारक निकष ठरवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला आणि ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. जुन्या ग्रंथांची पाने केवळ छायाचित्रे म्हणून संकेतस्थळावर चढवली, तर मजकूर वाचून दाखवणारे यंत्र त्यांतील एकही अक्षर उच्चारू शकत नाही. डोळसांच्या समितीला हा दोष वर्षानुवर्षे दिसणार नाही. दृष्टिहीन वाचकाला तो पहिल्या मिनिटात जाणवतो.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. खेड्यातील ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे छप्पर गळते, सेवकाला मिळणारे वेतन तुटपुंजे असते. तेथे संकेतस्थळाच्या परीक्षेची चैन कोणाला परवडणार? हा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. लहान ग्रंथालय स्वतःची प्रणाली घडवू शकत नाही. त्याला कोणीतरी तयार केलेली सामाईक प्रणालीच वापरावी लागते. अशा प्रणालीतील एक चूक शेकडो गावांत उमटते आणि तिची एक दुरुस्तीही शेकडो गावांना लाभते. म्हणजे साधने जितकी अपुरी, तितकी सामाईक परीक्षा अधिक आवश्यक. शिवाय खर्च तो किती? एक खोली, एक संगणक, पाच वाचक आणि त्यांचा चहा. खर्चिक असते ती न तपासता घेतलेली प्रणाली. कारण तिचे पैसे एकदा दिले जातात आणि तिचा भुर्दंड वाचक रोज भरतात.

तेव्हा ग्रंथालय संचालनालयाने आणि १९६७ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या राज्य ग्रंथालय परिषदेने काही गोष्टी मनावर घ्याव्यात. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाच्या करारात, वाचकांची चाचणी होऊन दोष दूर झाल्याशिवाय ठेकेदाराला शेवटचा हप्ता मिळणार नाही, अशी अट असावी. चाचणीत दिलेली कामे आणि त्यांचा निकाल ग्रंथालयाच्या फलकावर लावावा. किती जणांनी भेट दिली यापेक्षा किती जणांचे काम झाले, हा आकडा वार्षिक अहवालात यावा. लेखकांची टोपणनावे आणि ग्रंथनामांची जुनी-नवी लेखनरूपे यांची एक प्रमाण यादी राज्यपातळीवर एकदाच तयार करून सर्व ग्रंथालयांना मोफत द्यावी. हे काम विद्यापीठांचे मराठी आणि ग्रंथालयशास्त्र विभाग मिळून सहज करू शकतील.

यांपैकी एकाही सूचनेसाठी नवा कायदा करावा लागत नाही किंवा वेगळा निधी उभारावा लागत नाही. पुढच्या संकेतस्थळाची उद्घाटनपत्रिका छापण्यापूर्वी पाच वाचकांना त्याच्यापुढे बसवण्यास कोणत्याही कार्यकारी मंडळाला आजही आडकाठी नाही. ते जोवर होत नाही, तोवर संगणकीकरणाचे आकडे वाढत जातील आणि कपाटांतील पुस्तके वाचकांची वाट पाहत राहतील.