ग्रिल आमचं, लाइन कुणाची?

गेल्या थर्टी फर्स्टला आम्ही फ्लॅटवर चौघे होतो. तिघे इंजिनिअरिंगचे, एक बी.कॉम.चा. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

कोथरूडमधला टू बीएचके, तिसरा मजला, स्वयंपाकघरात पाइप गॅस. पास होऊन गेलेला एक सिनियर जाता जाता त्याचं दोन बर्नरचं गॅस ग्रिल पंधराशे रुपयांत आमच्या गळ्यात मारून गेला होता. ग्रिल सिलिंडरवर चालणारं, आणि आमच्याकडे सिलिंडर नाही. पण लाइन आहे की! गॅस तो गॅस. मोबाइलवर अमेरिकेतला एक व्हिडिओही सापडला. एक गृहस्थ परसातल्या भिंतीवरच्या पॉइंटला पाइप खट्कन जोडतो, बटण फिरवतो आणि कणसं भाजायला घेतो. दोन मिनिटांचं काम.

बी.कॉम.वाला म्हणाला, "गॅस कंपनीला फोन करून विचारू या का?" आम्ही हसलो. असल्या गोष्टी विचारायच्या असतात का?

त्या व्हिडिओतला माणूस काही येडा नव्हता. तिकडे ग्रिल घेतानाच ते प्रोपेनवर चालणारं हवं की नॅचरल गॅसवर, हे ठरवावं लागतं. मॉडेलंच वेगळी असतात. एका गॅसचं ग्रिल दुसऱ्या गॅसवर बदलून वापरू नका, असं काही कंपन्या चक्क माहितीपुस्तिकेत लिहितात. भिंतीवरचा तो पॉइंट त्यासाठीच काढलेला असतो, पाइप त्याच कामाचा असतो. व्हिडिओत फक्त शेवटचं खट्क दिसतं.

आमचं खट्क असं झालं. ओट्यावरच्या शेगडीचा पाइप काढला. हार्डवेअरच्या दुकानातून पंधरा फूट हिरवा पाइप आणला, बागेला पाणी घालतात तसला. तो स्वयंपाकघरातून हॉलमार्गे, सरकत्या दाराच्या फटीतून बाल्कनीत नेला. दार बंद केलं की पाइप चेपायचा, म्हणून दारात चप्पल अडकवली. ग्रिल पेटलं, पण आच निरांजनाएवढी. वाऱ्याने दोनदा विझली. विझली तरी गॅस चालूच राहतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही परत परत लायटर मारत होतो.

आच लहान का, याचं उत्तर आम्ही अकरावी-बारावीत मार्कांसाठी लिहून आलो होतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनपेक्षा एलपीजी जवळजवळ अडीच पट उष्णता देतो. वर दाबही वेगळा. घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलीबारने येतो, घरातल्या पाइप गॅसचा दाब साधारण 21 मिलीबार असतो. म्हणून बर्नरला गॅस सोडणारा जो बारीक भोकाचा पितळी तुकडा असतो, ज्याला जेट म्हणतात, त्याचं भोक दोन्हींसाठी वेगवेगळं असतं. एलपीजीला लहान, पाइप गॅसला मोठं. घरी पाइप गॅस आला त्या दिवशी कंपनीचा माणूस शेगडी उलटी करून काहीतरी खुडबुड करून गेला होता, आठवतं? तो जेट बदलत होता. मग सगळे बर्नर पेटवून ज्योत निळी येते का, ते बघत होता. आपण तेव्हा मोबाइलमध्ये होतो.

हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी आम्ही शेगडी रिपेअरिंगवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी ग्रिलकडे एक नजर टाकली. "जेट मोठे करावे लागतील. दोनशे रुपये." पिशवीतून हँड ड्रिल काढलं, डोळ्यांनीच अंदाज घेतला आणि भोकं मोठी केली. आता ज्योत वीतभर आली, पण पिवळी, शेंड्याला काजळी. काका म्हणाले, "होईल सेट." गेले. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाहीये. अशा अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. तिघा इंजिनिअरांनी टाळ्या वाजवल्या.

नऊच्या सुमारास वास यायला लागला. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं द्रव्य मुद्दाम घालतात. ते त्याचं काम चोख करत होतं. ओट्याखाली जिथे हिरवा पाइप नुसता ठोकून बसवला होता, क्लिप न लावता, तिथून तो निसटत होता. आम्ही काय केलं? बाल्कनीत जाऊन ग्रिलची बटणं बंद केली आणि वास का जात नाही, याचं नवल करत बसलो. पाइप जोडणारा आमचा मेकॅनिकलवाला पनीर आणायला खाली गेलेला. लाइनचा कॉक नेमका कुठे, हे उरलेल्या तिघांना माहीत नव्हतं. सहा महिने त्या घरात चहा करत होतो, शेगडीचं बटण सोडून कशाला हात लावला नव्हता.

त्यानंतरची पाच-सात मिनिटं मला आजही झोपेत आठवतात. घरात गॅसचा वास आहे आणि आम्ही चर्चा करतोय. कसली? फोन केला तर घरमालकांना कळेल का? कनेक्शन त्यांच्या नावावर आहे. कंपनीचा माणूस आला तर त्यांना फोन जाईल. ते येतील, पाइप बघतील, डिपॉझिट जाईल, कदाचित फ्लॅटही. मार्चमध्ये परीक्षा, मध्येच दुसरी रूम कुठे शोधणार? स्फोट होऊ शकतो, हा मुद्दा त्या चर्चेत आलाच नाही.

बी.कॉम.वाला एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे निघाला होता, वास बाहेर जावा म्हणून. त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या काकू दारात. मिथेन हवेपेक्षा हलका, वर चढतो. बाल्कनीतून तो त्यांच्या खिडकीपर्यंत पोहोचला असणार. "पंख्याला हात लावू नकोस!" त्या ज्या आवाजात ओरडल्या, तो आवाज मी विसरणार नाही. कुठल्याही बटणाची साधी ठिणगीसुद्धा पुरते. त्यांनी ओट्याखालचा पिठाचा डबा बाजूला केला, त्यामागचा कॉक आडवा केला, खिडक्या उघडल्या आणि आम्हाला जिन्यात उभं केलं. बिलावर छापलेल्या इमर्जन्सी नंबरवर त्यांनी खाली जाऊन स्वतःच्या फोनवरून फोन लावला.

घरमालकांना कळलं. आम्ही फेब्रुवारीत फ्लॅट सोडला. सोडायला लावला, असं म्हणू या.

आमची चूक होती, शंभर टक्के. जे झालं ते कमीच झालं. पण एक गोष्ट मला अजून खटकते. आमच्या अकरा महिन्यांच्या करारात पंखे किती, ट्यूबलाइट किती, भिंतीला खिळा मारायचा नाही, सगळं लिहिलेलं होतं. गॅसचा कॉक कुठे, हे कुणी दाखवलं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही, कारण भाड्याच्या घरात विचारणं म्हणजे मालकाच्या मनात संशय पेरणं. नळ गळतोय म्हणून फोन केला तरी 'तुम्हीच तोडला असेल' हे ऐकायची सवय झालेली. मग आम्ही ड्रिलवाल्या काकांना बोलावतो, कारण ते प्रश्न विचारत नाहीत. चावी देताना मालकांनी पाच मिनिटं ओट्याखाली वाकून कॉक दाखवावा, फ्रिजवर इमर्जन्सी नंबर चिकटवावा आणि 'काही झालं तर आधी फोन करा, डिपॉझिटचं नंतर बघू' एवढं म्हणावं. नाही म्हणाले तर आपण म्हणायला लावावं. ही मागणी उद्धटपणाची नाही. वरच्या मजल्यावर काकू राहतात.

आणि 'जुगाड ही आपली ताकद' वगैरे मला सांगू नका. तुटलेला चार्जर रबरबँडने बांधून चालवायला माझी ना नाही. तो बंद पडला तर माझाच फोन बंद पडतो.

ग्रिल किती जण आणतात, मला माहीत नाही. पण शेगडी प्रत्येक फ्लॅटमध्ये असते, आणि रूम बदलताना ती टेम्पोत आपल्याबरोबर येते. इथे आमच्याहून मोठी गडबड होते. पाइप गॅसच्या घरातली शेगडी, मोठ्या भोकाचे जेट असलेली, सिलिंडरच्या घरात जाते. दाब जास्त, उष्णता अडीच पट, भोक मोठं. ज्योत कढईच्या बाहेर येते, भांडी काळी होतात, आणि आपण म्हणतो, 'वा, काय आच आहे!' एलपीजी वर चढत नाही, हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीवर साचतो, जिथे आपण गाद्या टाकून झोपतो. सेकंडहँड शेगडी घेताना किंमत करण्याआधी ती कोणत्या गॅसवर चालत होती, ते विचारा. उत्तर नीट मिळालं नाही, तर ज्याच्याकडून गॅस घेता त्याच्याच माणसाकडून जेट तपासून घ्या.

पार्टी करू नका, असं मी म्हणत नाहीये. पनीर टिक्का मलाही आवडतो. एलपीजीचं ग्रिल असेल, तर 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याचा योग्य रेग्युलेटर, आयएसआय मार्कचा पाइप, दोन्ही टोकांना क्लिप, आणि सोसायटीला विचारून उघडी गच्ची. बंद बाल्कनीत नाही, कोळशाचं असलं तरी नाही. नाहीतर विजेवरचं ग्रिल घ्या. त्याला धुराची चव येत नाही हे खरं.

ते ग्रिल नव्या रूमवरही आमच्याबरोबर आलं होतं, माळ्यावर पडून होतं. गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला, "दादा, ग्रिल विकायचंय का? हजार देतो." त्याच्या फ्लॅटला पाइप गॅस आहे की सिलिंडर, ते विचारलं. म्हणाला, "बघावं लागेल." मी पान्याने दोन्ही जेट काढून घेतले, बर्नर वाकवले आणि ग्रिल भंगारवाल्याला दिलं. एकशे चाळीस रुपये आले.