विश्लेषण : स्कुबासाठी पहिला डाइव्ह कॉम्प्युटर घेताना काय पाहावे? परतीच्या घाटाशी त्याचा काय संबंध?

नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेले ‘आयएनएस गुलदार’ हे जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या (एमटीडीसी) ताब्यात आले. निवतीजवळच्या समुद्रात ते तळाशी बसवून पर्यटकांना पाण्याखाली पाहता यावे, असा हा प्रकल्प आहे. त्यामुळे सिंधुदुर्गातील स्कुबा डायव्हिंग पुन्हा चर्चेत आले. मालवणला जाऊन एकदा माशांसोबत फोटो काढला, एवढ्यावर न थांबता रीतसर प्रशिक्षण घेण्याकडे काहींचा कल असतो. त्यांच्यापुढचा पहिला मोठा खर्च म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर. बाळापूर, अकोला, अमरावती भागातून जाणाऱ्यांनी तो निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्यांच्या परतीच्या वाटेत सह्याद्री आहे.

डाइव्ह कॉम्प्युटर नेमके काय करतो?

मनगटावर घड्याळासारखे बांधायचे हे उपकरण पाण्याचा दाब आणि वेळ मोजते. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे १८ मीटर खोलीवर शरीरावर पृष्ठभागाच्या २.८ पट दाब असतो. या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त प्रमाणात विरघळतो. डायव्हर सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आला, तर गोळी सोड्याची बाटली फोडल्यावर होते तसे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस किंवा ‘बेंड्स’ म्हणतात. सांधेदुखी, बधिरपणा, अतिथकवा ही त्याची लक्षणे असून गंभीर प्रसंगी पक्षाघातही होऊ शकतो.

कॉम्प्युटर खोली दाखवतो आणि त्या खोलीवर आणखी किती मिनिटे राहिल्यास वाटेत सक्तीचा थांबा न घेता वर येता येईल, हेही सांगतो. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ ते १० मीटरपेक्षा वाढला की बहुतेक कॉम्प्युटर इशारा देतात. विहिरीत पोहायला शिकलेल्या वऱ्हाडातील मुलांना श्वास रोखून सूर मारायची सवय असते. स्कुबात नेमके उलट आहे. टाकीतील हवा घेत असताना श्वास रोखून वर येणे फुप्फुसांना इजा करू शकते.

हे गणित आले कुठून?

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये नायट्रोजनचे पहिले शास्त्रीय कोष्टक मांडले. शरीराचे काही भाग नायट्रोजन लवकर घेतात व लवकर सोडतात, काही सावकाश, हा त्याचा पाया. पुढे झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी अशा १६ काल्पनिक ऊतींचे प्रारूप तयार केले. आजचे अनेक कॉम्प्युटर त्यावरच चालतात.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा डायव्हर छापील कोष्टक वापरत. ‘पाडी’ संस्थेच्या कोष्टकात १८ मीटरसाठी ५६ मिनिटे, तर ३० मीटरसाठी फक्त २० मिनिटे दिली आहेत. कोष्टक पूर्ण वेळ सर्वाधिक खोलीवर गेला असे धरते. कॉम्प्युटर मात्र डायव्हर जसा खाली-वर होतो तसा हिशेब सतत बदलतो. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ‘एज’ या उपकरणापासून हा बदल रुळू लागला.

पण कॉम्प्युटर रक्तातील नायट्रोजन मोजत नाही, तो अंदाज बांधतो. वापरणारा रात्रभर गाडीत जागा होता की उन्हात पाणी न पिता बसला होता, हे त्याला कळत नाही. म्हणून पडद्यावर मिनिट शिल्लक असेपर्यंत खाली थांबायचे, असा त्याचा अर्थ होत नाही. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटे थांबण्याची शिस्त त्यासाठीच आहे.

तो सर्वांनाच लागतो का?

नाही. मालवण-तारकर्लीत प्रमाणपत्राशिवाय होणारी पहिली डुबकी उथळ पाण्यात, प्रशिक्षकाच्या हाताला धरून होते. त्यासाठी काहीही विकत घ्यायची गरज नाही. एमटीडीसीच्या तारकर्ली येथील स्कुबा प्रशिक्षण संस्थेत, गोव्यात किंवा अंदमानात ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येते. एका दिवसात दोन-तीन डाइव्ह होऊ लागतात, तेव्हा कॉम्प्युटरचा प्रश्न येतो.

वर्षातून एकदाच जाणाऱ्याला तो भाड्याने घेता येतो. अट एकच, सहलीच्या सर्व दिवसांत तेच उपकरण त्याच व्यक्तीच्या मनगटावर हवे. सकाळच्या डाइव्हमधला उरलेला नायट्रोजन त्याच्या स्मृतीत असतो. दुपारी दुसरा कॉम्प्युटर बांधला तर तो शून्यापासून मोजू लागतो आणि जास्त वेळ दाखवतो. दोन मित्रांत एक कॉम्प्युटर चालत नाही, तोही याच कारणाने.

पहिला घेताना काय पाहावे?

आकडे मोठे हवेत. मालवणच्या पाण्यात अनेकदा गढूळपणा असतो. चाळिशीनंतर जवळचे दिसत नसेल तर बारीक पडद्याचा सुंदर कॉम्प्युटर निरुपयोगी ठरतो. प्रकाश लावून, हात लांब करून वाचून पाहावा.

बॅटरी स्वतः बदलता यावी. क्रेसी लिओनार्दो, मारेस पक प्रो, सूंतो झूप नोवो यांसारख्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये नाण्याच्या आकाराची बॅटरी घरी बदलता येते. ती सीआर २४३० किंवा सीआर २४५० प्रकारची असते. सर्वत्र मिळणारी सीआर २०३२ त्यात बसत नाही, म्हणून अकोल्याहून निघतानाच एक जादा घ्यावी. झाकणाखालचे रबरी कडे स्वच्छ आणि अखंड आहे ना, हे तपासावे. तिथे एक केस अडकला तरी पाणी आत शिरू शकते. चार्जिंगवर चालणारी मॉडेलही चांगली असतात, फक्त चार्जर विसरून चालत नाही.

नायट्रॉक्सची सोय असावी. जास्त ऑक्सिजन असलेल्या या मिश्रणाचे प्रशिक्षण पुढे घेतले तर नवा कॉम्प्युटर घ्यावा लागत नाही.

सावधगिरीची पातळी बदलता यावी. एकाच खोलीवर दोन कंपन्यांचे कॉम्प्युटर वेगळी मिनिटे दाखवतात, कारण त्यांचे गणित आणि सुरक्षेसाठी राखलेली मोकळीक वेगळी असते. नवशिक्याने जास्त सावध पातळी ठेवणे योग्य. सोबत्याचा कॉम्प्युटर जास्त मिनिटे दाखवत असला, तरी दोघांनी कमी मिनिटांचा मानावा.

टाकीतील हवा बिनतारी दाखवणारा ट्रान्समीटर, रंगीत पडदा, होकायंत्र या सोयी पहिल्या खरेदीत नसल्या तरी चालतात. टाकीचा दाब दाखवणारा मीटर भाड्याच्या साहित्यात मिळतोच. साध्या कॉम्प्युटरच्या किमतीत मध्यम दर्जाचा फोन येतो. तेवढ्यात काम भागत असेल, तर वाचलेले पैसे आणखी काही डाइव्हसाठी वापरणे जास्त उपयोगाचे.

स्मार्टवॉच चालेल का?

‘५० मीटर वॉटरप्रूफ’ लिहिलेले साधे स्मार्टवॉच डाइव्ह कॉम्प्युटर नव्हे. ते पाण्यात टिकेल, पण नायट्रोजनचा हिशेब करणार नाही. २०२२ मध्ये आलेले ॲपल वॉच अल्ट्रा ‘ओशनिक प्लस’ ॲपसह ४० मीटरपर्यंत कॉम्प्युटरचे काम करते. ॲपशिवाय ते केवळ खोली, वेळ आणि पाण्याचे तापमान दाखवते. गार्मिनची ‘डिसेंट’ मालिका मुळातच डायव्हिंगसाठी बनवलेली आहे.

परतीच्या घाटाचा मुद्दा काय?

डाइव्हनंतर विमानात बसू नये, हे प्रशिक्षणात शिकवले जाते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क (डॅन) या संस्थेची शिफारस अशी : एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग झाल्यास किमान १८ तास थांबावे. सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. ही शिफारस सुमारे ६१० मीटर ते २,४४० मीटर उंचीला लागू आहे. मोपा किंवा चिपीहून विमान पकडणाऱ्यांना हे लक्षात राहते. पण हवेचा दाब विमानात कमी होतो तसा डोंगरावरही होतो.

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. दुसऱ्या घाटाने कोल्हापूर गाठले, तरी पुण्याकडे जाताना सातारा-खंबाटकी पट्ट्यात ही पातळी ओलांडावीच लागते. सकाळी दोन डाइव्ह, दुपारी मासळीचे जेवण आणि लगेच गाडी काढून बाळापूरचा रस्ता, हा बेत म्हणूनच चुकीचा आहे. रेल्वेने कुडाळहून कल्याणपर्यंतचा प्रवास किनाऱ्यालगत कमी उंचीवर होतो, त्यामुळे काही तास आपोआप मिळतात. मात्र पुढे कसारा घाट चढून गाडी ६०० मीटरच्या आसपास असलेल्या इगतपुरीला पोहोचते. त्यामुळे तिथेही तास मोजायला हवेत.

म्हणूनच खरेदी करताना ‘नो-फ्लाय’ वेळ कॉम्प्युटर कशी दाखवतो, हे दुकानदाराला विचारावे. काही मॉडेल सरसकट २४ तास धरतात, काही डाइव्हनुसार हिशेब करतात. त्याने कमी तास दाखवले तरी १८ तासांची शिस्त मोडू नये.

त्रास झाला तर?

डाइव्हनंतर सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या किंवा विलक्षण थकवा वाटला, तर तो प्रवासाचा शीण समजून गाडीत झोपू नये. घाट न चढता आधी डाइव्ह केंद्राला कळवून ऑक्सिजन आणि डॉक्टर गाठावेत. यावरचा उपचार दाबकक्षात होतो आणि अशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयाच्या परिसरात सागरी वैद्यकशास्त्राची संस्था आहे. बाळापूरला पोहोचल्यावर लक्षणे वाढली, तर तिथून ही सोय शेकडो किलोमीटर दूर असते.

सहल आखतानाच शेवटचा दिवस कोरडा ठेवला तर यातला बराच धोका टळतो. त्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहावा, बाजारात कोकम-काजू घ्यावेत आणि मनगटावरचे तास पूर्ण झाले की घाटाकडे निघावे.