दडपलेल्या इंजिनाची दंतकथा

१/ सणसवाडीवरून जाणारा पुणे-नगर रस्ता इतिहासप्रेमींच्या पायाखालचा आहे. वढू बुद्रुकच्या समाधीस्थळाकडे आणि रांजणगावच्या महागणपतीकडे जाणारे याच वाटेने जातात. दुतर्फा उभ्या असलेल्या कारखान्यांकडे मात्र कोणी इतिहास म्हणून पाहत नाही. ती रिकामी जागा एका दंतकथेने बळकावली आहे: ‘एका एकांड्या संशोधकाने विलक्षण इंजिन बनवले, गाडी लिटरला शंभराचे ॲव्हरेज देऊ लागली आणि तेलकंपन्यांनी तो शोध दाबून टाकला.’ हा धागा त्या दंतकथेच्या विरोधात आहे.

२/ या कथेचा मूळपुरुष म्हणजे कॅनडातील विनिपेगचा चार्ल्स पोग. पेट्रोलची संपूर्ण वाफ करणाऱ्या त्याच्या कार्ब्युरेटरमुळे मोटार गॅलनला २०० मैल, म्हणजे लिटरला सुमारे ७० किलोमीटर धावते, असा दावा १९३० च्या दशकात गाजला. त्याची पेटंटे ‘दडपली गेली’ म्हणतात. परंतु पेटंट हे गुपित नव्हेच. शोध जगासमोर उघड करण्याच्या अटीवरच ते मिळते. पोगची पेटंटे आजही कोणालाही वाचता येतात, त्यांची मुदत केव्हाच संपली आहे. तरीही त्या आराखड्यावरून तसा पल्ला कोणी सिद्ध करून दाखवलेला नाही.

३/ आता साधा हिशेब. रोजच्या रस्त्यावर पेट्रोल इंजिन इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने पाचवा ते चौथा हिस्सा कामी लावते. उरलेली उष्णता धूर, रेडिएटर आणि घर्षण यांत जाते. तीच गाडी, तोच वेग, तेच वजन ठेवून केवळ इंजिन बदलून पाचपट ॲव्हरेज मिळवायचे, तर इंधनातील १०० ते १२५ टक्के उष्णतेचे काम झाले पाहिजे. निसर्गाला तेलकंपन्यांनी लाच दिलेली नाही.

४/ ‘मोठ्या कंपन्यांना नवे नकोच असते’ हा दुसरा आक्षेप. इतिहास नेमका उलट बोलतो. जर्मनीच्या एनएसयूने फेलिक्स वांकेलच्या फिरत्या इंजिनावर आपले भवितव्य पणाला लावले आणि १९६७ मध्ये ‘आरओ ८०’ मोटार आणली. वांकेलचा ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा. त्यामुळे भिंतींवाटे उष्णता अधिक जाते, ज्वलन अपुरे राहते आणि टोकांवरील सील झिजतात. खराब झालेली इंजिने बदलून देता देता कंपनी जेरीस आली आणि १९६९ मध्ये ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. क्रायस्लरने १९६३ पासून ५० टर्बाइन मोटारी दोनशेहून अधिक सामान्य ग्राहकांना आळीपाळीने वापरायला दिल्या. त्यांना इंधनच फार लागे. हे दडपणे नव्हे. हे भर चौकात करून पाहणे होते.

५/ मग विलक्षण कल्पना सगळ्याच वाया गेल्या का? नाही. जेम्स ॲटकिन्सनने १८८० च्या दशकात सांधेदार दांड्यांचे इंजिन रचले. त्यात वायूच्या प्रसरणाचा टप्पा आकुंचनापेक्षा लांब होता, म्हणून काम अधिक निघे. त्या किचकट दांड्या कालबाह्य झाल्या. मात्र १९९७ च्या टोयोटा प्रियसने साध्याच इंजिनात झडप उशिरा मिटवून तोच लाभ मिळवला. विचित्र देह गेला, विचार उरला. इंजिनाच्या इतिहासाचा खरा धडा हाच.

६/ हाच धडा पुण्याने गिरवला. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सरमध्ये ‘डीटीएस-आय’ आणले. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, दोन्हीकडून ठिणगी, ज्वलन जलद. दोन प्लग विमानांच्या इंजिनांत जुनेच होते. बजाजच्या पेटंटचा दावा लहान सिलिंडरपुरता होता. त्यावरून टीव्हीएसशी २००७ मध्ये पेटलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भांडण झाले ते इतक्या बारीक सुधारणेवर, कारण पैसा आणि बचत तिथेच होती.

७/ आणि सणसवाडीहून पुढे, रांजणगाव. फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतील कारखान्यात १२४८ सीसीचे १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन बनू लागले. दिसायला अगदी चारचौघांसारखे. नवेपण होते ते डिझेल फवारण्यात: एका फवाऱ्याऐवजी, एकाच ज्वलनासाठी पाचपर्यंत नेमके मोजलेले फवारे. हे इंजिन फियाट लिनिया आणि टाटा इंडिका व्हिस्टात बसले. एरवी मानेसरला तेच इंजिन परवान्याने बनवणाऱ्या मारुतीनेही २०१२ मध्ये रांजणगावहून वर्षाला १ लाखापर्यंत इंजिने घेण्याचा करार केला.

८/ ते बंद का पडले? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिनाचा धूर तितका स्वच्छ करण्याचा खर्च परवडेना. काटकसरी इंजिन बंद झाले ते उघड नियमाने, उघड हिशेबाने. कटाची गरजच नव्हती.

९/ कंपन्या साधुसंत आहेत असे कोणी म्हणत नाही. फोक्सवॅगनने धुराच्या चाचणीत फसवले, हे २०१५ मध्ये जगाला कळले. पण ती चोरी अफवेने पकडली नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धावत्या गाडीचा धूर मोजला, तेथून ती उघडकीस आली. सत्तेविरुद्धचे खरे शस्त्र मोजमाप आहे, दंतकथा नव्हे.

१०/ ही दंतकथा निरुपद्रवी नाही. तिच्याच भरवशावर इंधननळीला बांधायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या विकल्या जातात. खिसा कापला जातो तो कामावर दुचाकीने जाणाऱ्याचा. त्याहून मोठी हानी म्हणजे एकांड्या अवलियाची पूजा करताना, लेथवर शंभराव्या मिलिमीटरची तफावत सांभाळणारे हजारो हात इतिहासातून पुसले जातात. या पट्ट्यात असे हात घरोघर आहेत. त्यांच्याकडून ऐका, लिहून ठेवा. आणि ज्याला ‘शंभराच्या इंजिना’ची खात्री असेल, त्याच्यासाठी वाहने तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. खंडन अवश्य करावे. येताना आकडे घेऊन यावे.