शौचकूपाची टाकी व आपलें कर्तव्य
शौचकूपाची टाकी नीट भरत नाहीं असें दिसतांच आपण नाक मुरडून निघून जातों व घाण दुसऱ्यासाठीं ठेवितों. आमच्या मतें ही लाजिरवाणी गोष्ट होय.

टाकीची रचना साधी आहे. पाणी चढतें तसा पोकळ तरंगता गोळा वर येऊन नळाची झडप मिटवितो. गोळा वर अडकला तर पाणी येत नाहीं. झडपेंत वाळूचा कण बसला तर थेंबथेंब येतें. तळाचें रबर झिजलें तर आलेलें वाहून जातें. आर्किमिडीजचा सिद्धान्त पाठ म्हणणाऱ्यानें एकदां झांकण उचलून तो प्रत्यक्ष पाहावा. पालकांनींही मुलांस हें काम घरीं शिकवावें. दुरुस्ती होईपर्यंत बादलीभर पाणी ओतणें कोणास अशक्य आहे? आपली घाण दुसऱ्यावर टाकणें हें विद्येचें लक्षण नव्हे.