उद्दिष्ट बोर्डाचे नको, मुलाचे हवे

जून उजाडला की शिक्षकांपुढे वार्षिक नियोजनाचे कागद येतात. आता बऱ्याच शाळांत त्यात एक रकाना वाढला आहे : अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर. आमच्या चळवळीतले एक शिक्षक मित्र यंदा हा रकाना भरून आमच्याकडे घेऊन आले. त्यात लिहिले होते, आठवड्याला चार तास स्मार्ट बोर्डवर, महिन्याला वीस व्हिडिओ, शंभर टक्के विद्यार्थ्यांची अॅपवर नोंदणी. माणूस प्रामाणिक, रविवारी वस्तीत येऊन फुकट शिकवणारा. तरी आम्ही विचारले, सर, हे सगळे बोर्डाबद्दल झाले, यात मूल कुठे आहे?

कार्यकर्ता मित्रांनो, प्रश्न एका शिक्षकाचा नाही. उद्दिष्ट ठरवणे हे राजकीय काम आहे. जो उद्दिष्ट ठरवतो तो कशाला यश म्हणायचे ते ठरवतो. बोर्ड किती तास चालू होता हे यश मानले, तर पाठीमागच्या बाकावरची, धुणीभांडी करणाऱ्या आईची मुलगी वर्षभर एकदाही फळ्यापाशी आली नाही, तरी शाळा शंभर टक्के यशस्वी ठरते. आकडा खोटा नसतो. तो चुकीच्या गोष्टीचा असतो.

ज्यांना वाटते की हा प्रश्न संगणकाच्या जमान्यातला आहे, त्यांनी १८८२ साली जावे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तात्यासाहेब जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हा त्यांचा मुख्य आक्षेप आपल्याला पाठ आहे. पण त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा, त्याला पगार किती सन्मानाचा असावा, तो प्रशिक्षित असावा, शेतकरी समाजातून आलेला असावा, पोरांना मोडी आणि बाळबोध वाचता यावे, हिशेब यावा, शेतीची आणि आरोग्याची तोंडओळख व्हावी, असा तपशील आहे. ही शिक्षणाची उद्दिष्टेच झाली. यात साधन शेवटी येते, मूल आधी येते. कुळंब्याच्या पोराला सावकाराचा कागद वाचता यावा, यापेक्षा नेमके उद्दिष्ट आजच्या एखाद्या चकचकीत सादरीकरणात आम्हाला तरी दिसलेले नाही.

आता दुसरी बाजू. आपल्यातलेच काही तरुण म्हणतात, हे सगळे कंपन्यांचे कारस्थान आहे, आपल्या मुलांना खडू-फळाच बरा. या भूमिकेला आमचा ठाम विरोध आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना यंत्राचीच बाजू घेतली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, ढोरमेहनतीत जन्म जाणाऱ्याला माणूसपण कसे लाभणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या मालकीत ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे ते सांगतात. चरख्याचे गोडवे ज्यांनी गायले त्यांची मुले कुठे शिकली ते आपण पाहिलेच आहे. तेव्हा आपल्या वस्तीतल्या मुलांनी संगणकापासून दूर राहावे हा उपदेश, कुणीही केला तरी, आम्हाला मान्य नाही.

नवी मुंबईत तर तो उपदेश विनोदीच ठरेल. ठाणे-बेलापूर रस्त्याने एकदा चालत जा. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. लोकांचे फोटो, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ, सगळे इथल्या थंडगार इमारतींत साठवले जाते. आणि त्याच पट्ट्यात दिघा आहे, तुर्भे स्टोअर आहे, दगडखाणीच्या कडेने वाढलेल्या वस्त्या आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून आलेली माणसे सकाळी नाक्यावर उभी राहतात. आम्ही ज्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसतो तिथे एका घरात एक फोन, तो बापाच्या खिशात, आणि बाप रात्री नऊला परत. आल्यावर फोन आधी भावाच्या हाती जातो, मग उरला तर बहिणीच्या.

हे फक्त आमच्या डोळ्यांना दिसते असे नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, इंटरनेटची सोय असलेली घरे ग्रामीण भारतात सुमारे १५ टक्के आणि शहरांत ४२ टक्के होती. संगणक ग्रामीण घरांपैकी साडेचार टक्क्यांहूनही कमी घरांत. एवढ्या शिदोरीवर २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षण ‘ऑनलाइन’ झाले. त्यानंतर फोन वाढले हे खरे. असर २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे सांगणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारे ७६ टक्के. आणि वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेली मुले ३६ टक्के, मुली २७ टक्के. यंत्र घरात आले म्हणून ज्ञान घरात आले असे होत नाही. समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. फोन दोघांच्या हाती आहे, पण तो कशासाठी उघडायचा हे सांगणारे माणूस एकाच्याच घरात आहे. दुसऱ्या घरातले ते माणूस म्हणजे शिक्षक. म्हणून शिक्षकाने काय ठरवले याला आपल्या मुलांच्या बाबतीत दुप्पट वजन आहे.

चांगले ठरवणारे शिक्षक महाराष्ट्रात आहेत, आणि ते सरकारी शाळांत आहेत हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यावर संदीप गुंड यांनी जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल केली. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. बातम्या रकमेच्या झाल्या. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यांच्या कामाची रीत. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले. पाठ्यपुस्तक मुलाच्या हातात आधीच असते, फुकट मिळते, घरी जाते. त्या कागदालाच कवितेचा आवाज, धड्याचा व्हिडिओ जोडला. म्हणजे महागडी वस्तू आणून मुलाला तिच्यापुढे बसवले नाही, मुलाकडे जे आहे तिथवर साधन नेले. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेल्या पोराला रात्री कोपीत धडा ऐकता आला, तर ते या रीतीचे यश. पुढे सगळ्याच पुस्तकांवर कोड छापले गेले, पण आमच्या वस्तीत विचाराल तर ते चौकोन म्हणजे पुस्तकावरची नक्षी. कोड छापणे सरकारचे उद्दिष्ट होते, ते पूर्ण झाले. तो कुणी उघडला हे पाहणे कुणाचेच उद्दिष्ट नव्हते.

तर त्या शिक्षक मित्रांबरोबर आम्ही तो रकाना पुन्हा लिहिला. वर्गात चाळीस मुले. त्यांतल्या अकरा जणांना धडा अडखळत वाचता येतो. दिवाळीपर्यंत या अकरा जणांनी स्वतःचे वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐकायचे, आठवड्यातून दोनदा, शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या फोनवर. स्मार्ट बोर्डला हात लावणाऱ्या मुलांची वहीत नोंद ठेवायची आणि दर महिन्याला पाहायचे, त्यात मुली किती, शेवटच्या बाकावरची किती. घरी फोन लागेल असा गृहपाठ द्यायचा नाही, किंवा दिला तर त्याचा कागदी पर्याय बरोबरीचा असला पाहिजे. परिसर अभ्यासात मुलांनी वस्तीतल्या पाण्याच्या नळांचा तक्ता स्वतः बनवायचा, किती घरांमागे एक नळ, पाणी किती वाजता. असा तक्ता केलेले पोर पुढे महानगरपालिकेच्या दारात निवेदन घेऊन उभे राहताना चाचरत नाही. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ साली मांडले की विषयाचे ज्ञान, शिकवण्याची हातोटी आणि तंत्रज्ञान यांचा मेळ बसला तरच साधन उपयोगी पडते. आम्ही त्यात एकच भर घालतो : समोरचे मूल कोणत्या घरातून आले याचे ज्ञान.

आणखी एक उद्दिष्ट आम्ही आग्रहाने लिहायला लावले. मुलाची जात कोणत्याही पडद्यावर दिसता कामा नये. गेल्या वर्षी एका शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांची यादी पडली, नाव, आणि नावापुढे जात. पाच मिनिटांत ती सगळ्या वर्गाच्या घरी पोचली. दुसऱ्या दिवशी सहावीतल्या एका मुलीला तिच्या शेजारणीने विचारले, तुम्हाला सरकार पैसे देते ना? पूर्वी जात कळायला आडनाव विचारावे लागायचे. आता यादी फॉरवर्ड करावी लागते. ती मुलगी आठवडाभर शाळेत गेली नाही. शाळेने ग्रुपवरून संदेश काढून टाकला आणि विषय संपला असे म्हटले. आमच्यासाठी तो संपलेला नाही. शिष्यवृत्ती हक्काची आहे, तिची कागदपत्रे पालकाला एकट्याला पाठवता येतात, त्याला कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

पण सगळा भार शिक्षकाच्या डोक्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘दत्तक शाळा’ योजना आणली, कंपन्यांनी शाळा दत्तक घ्याव्यात, शाळेला देणगीदाराचे नाव लागावे. त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा सुरू झाली, पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देऊन. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की बोर्ड कुठून येतो आणि शिक्षक कुठे जातो याचा अंदाज लागतो. देणगीदार पडदा देईल, त्यावर स्वतःचे नाव लिहील. रिक्त पदावर शिक्षक तो देणार नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. घड्याळ विद्यार्थ्याकडे पाहून लावले, इमारतीकडे पाहून नाही.

आता आपले काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. तंत्रज्ञानाची उद्दिष्टे या आराखड्यात लिहिली जातात, निदान लिहिली जायला हवीत. आपल्या वस्तीतल्या किती आया या समितीवर आहेत? ज्या आहेत त्यांना बैठकीची तारीख कळते, की सहीपुरते रजिस्टर घरी येते? जुलैच्या पहिल्या दोन रविवारी आम्ही वस्तीतल्या पालकांबरोबर हे कलम वाचणार आहोत. ज्यांच्या शाळेत स्मार्ट बोर्ड आहे त्यांनी येताना एवढे विचारून यावे, तो शेवटचा कधी चालू झाला, आणि त्याला हात कुणी लावला.